धावताना दुखणारं पाऊल: आधी एका बोटानं जागा दाखवा

"ताई, मनी टाच दुखस."

अमळनेरच्या मैदानावर पहाटे साडेपाचला हे वाक्य मी वर्षानुवर्षं ऐकत आलेय. माझं उत्तरही ठरलेलं असतं: बूट काढ, सॉक्स काढ, ओट्यावर बस आणि नेमकं कुठं दुखतं ते एका बोटानं दाखव. बहुतेक जण आधी अख्खा पंजा पावलावर ठेवतात. मग पुन्हा सांगावं लागतं, हात नको, बोट.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. दुपारी दवाखाना, पहाटे मैदान. मैदानावर येणारी बहुतेक पोरं-पोरी भरतीची तयारी करणारी. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्ही जिल्ह्यांत कुठल्याही गावाबाहेर पहाटे गेलात तर अशी धावणारी पोरं दिसतील. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत ५० गुण असतात. त्यातले २० मुलांना १६०० मीटरला आणि मुलींना ८०० मीटरला. एसआरपीएफसाठी, म्हणजे राज्य राखीव पोलीस दलासाठी, तर थेट ५ किलोमीटर. ज्या घरात दोन एकर कोरडवाहू कापूस आहे, त्या घरातल्या पोराची टाच दुखते म्हणजे त्या घराची चिंता दुखते. हल्ली जळगावात मेहरुण तलावाभोवती किंवा धुळ्यात पांझरेच्या काठानं धावणारे चाळिशीतले शिक्षक, व्यापारीही हेच दुखणं घेऊन येतात.

सगळ्यांची गोष्ट जवळपास सारखी असते. दुखलं, पंधरा दिवस सुट्टी घेतली, तेल चोळलं, गोळ्या खाल्ल्या, बरं वाटलं. सोळाव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखे सात राउंड मारले आणि आठवड्यात टाच पुन्हा दुखायला लागली. असे तीन-चार फेरे झाले की पोरगं म्हणतं, "माझा पायच तसा आहे." पाय तसा नसतो. विश्रांतीनं दुखणं शमतं, पण त्या पंधरा दिवसांत पोटरी आणि तळवा आणखी अशक्त होतात, आणि आपण त्यांच्यावर एकदम जुनाच भार टाकतो. हा फेरा मोडायचा कसा, ते क्रमानं सांगते.

पहिली पायरी: जागा ओळखा

टाचेखाली, किंचित आतल्या बाजूला बोट गेलं आणि सकाळी खाटेवरून उतरून फरशीवर टाकलेलं पहिलं पाऊल खिळा टोचल्यासारखं गेलं, तर बहुतेक वेळा ते तळव्याच्या पडद्याचं दुखणं असतं. त्याला प्लांटर फॅशिआयटिस म्हणतात. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखालून एक जाड पट्टा जातो. तो कमान धरून ठेवतो. हाडाला चिकटतो तिथे तो शिणतो. याची खूण अशी की दहा-वीस पावलं चाललं की बरं वाटतं, क्लासमध्ये दोन तास बसून उठलं की पुन्हा तेच.

बोट टाचेच्या मागे गेलं तर ती पोटरीची जाड शीर, अकिलीस. शीर म्हणजे रक्ताची नाही, स्नायू हाडाला बांधणारा दोर. इथे दोन जागा वेगळ्या धरायच्या: हाडापासून दोन-चार बोटं वर, किंवा थेट हाडावर, बुटाची मागची कड घासते तिथे. दोन्हींचा व्यायाम थोडा निराळा आहे, म्हणून नीट पाहा.

चवड्यात, तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये आग होत असेल, बोटं बधिर होत असतील, सॉक्समध्ये खडा अडकल्यासारखं वाटत असेल तर तिथली नस दाबली जातेय. बहुतेक वेळा बूट पुढून अरुंद असतो. अंगठ्याच्या मुळाखाली दुखत असेल तर तिथली दोन छोटी हाडं दुखावलेली असू शकतात. स्पाइक, म्हणजे खिळ्यांचे बूट, घालून चवड्यावर धावणाऱ्यांत हे दिसतं.

आणि पावलाच्या वर. इथे मी थांबते, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. लेस फार आवळल्यानं शिरा दुखतात, तेव्हा बोट आडवं फिरतं, "इथून इथपर्यंत" असं. पण बोट एकाच बिंदूवर थांबलं आणि तिथून हललंच नाही, तर माझं लक्ष हाडाकडे जातं.

पारोळ्याकडची एक मुलगी मला आठवते. एकोणीस वर्षांची, ८०० मीटरला चांगली. तिनं हाताचं बोट पायाच्या दुसऱ्या बोटामागच्या हाडावर ठेवलं, पावलाच्या मधोमध. सॉक्सच्या इलॅस्टिकचा वळ डाव्या पायापेक्षा उजव्यावर खोल उमटला होता, म्हणजे पाऊल थोडं सुजलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिचा एक्स-रे झाला होता, "हाडाला काही नाही" असं सांगितलं गेलं होतं आणि ती धावत राहिली होती. तीन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला तेव्हा हाडाभोवती पांढरट ढग दिसला. हाड आधीच तडकलं होतं, आता सांधू पाहत होतं.

याला स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. एका घावानं नाही, रोजच्या हजारो लहान घावांनी हाडाला पडलेली बारीक चीर. दुखणं जुनं आहे. १८५५ साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरनं कूच करणाऱ्या सैनिकांच्या सुजलेल्या पावलांचं वर्णन लिहून ठेवलं, तेव्हा क्ष-किरण सापडायला अजून चाळीस वर्षं होती. आजही पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही. एमआरआयमध्ये लवकर कळते. म्हणून सुरुवातीचा एक्स-रे साफ आला तरी बोट एकाच बिंदूवर थांबत असेल तर धावणं बंद, आणि अस्थिरोग तज्ज्ञाला पुन्हा दाखवायचं.

त्या मुलीला मी आणखी एक प्रश्न विचारला, तो कुणीच विचारला नव्हता: पाळी वेळेवर येते का? चार महिने आली नव्हती. वजन कमी ठेवायचं म्हणून ती रात्री जेवत नव्हती. शरीराला धावण्यापुरतंही अन्न मिळालं नाही की ते पाळी थांबवतं आणि हाडं कमकुवत होऊ लागतात. मैदानावरच्या भावांनी, सरांनी हे लक्षात ठेवावं. मुलींनी हे सांगायला लाजू नये आणि आपण विचारायला. तिला मी कळण्याची भाकरी, डाळ, दूध, अंडी पोटभर खायला सांगितली, आणि पाळीसाठी स्त्रीरोग तज्ज्ञाकडे पाठवली. ड जीवनसत्त्वाची तपासणीही करून घेतली, कारण आपल्याकडे ऊन एवढं असलं तरी पोरी पहाटे धावतात आणि दिवसा डोक्यापासून बोटांपर्यंत ओढणी बांधून फिरतात.

टाचेसाठी घरीच एक परीक्षा करता येते. टाच दोन्ही तळहातांत धरून बाजूंनी दाबा. खालून दाबल्यावर दुखतं पण बाजूंनी दाबल्यावर नाही, तर बहुधा पडदाच. बाजूंनी दाबल्यावर कळ आली तर टाचेच्या हाडाचीच शंका घ्यायची.

खालीलपैकी काहीही असेल तर पुढच्या पायऱ्या बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरकडे जा:

- रात्री झोपेतही ठणकतं, किंवा लंगडल्याशिवाय चालता येत नाही.
- पोटरीत किंवा टाचेमागे "फट्" असा आवाज झाला आणि चवड्यावर उभं राहता येत नाही.
- पाऊल लाल, गरम, सुजलेलं आहे, सोबत ताप आहे.
- मधुमेह आहे आणि तळव्याला स्पर्श कमी कळतो.
- दोन्ही टाचा दुखतात, सकाळी कंबरही अर्धा-पाऊण तास आखडलेली असते. तरुण मुलांत हे संधिवाताचं लक्षण असू शकतं.

दहा-बारा वर्षांच्या मुलाची टाच मागून दुखत असेल तर ती बहुधा वाढीच्या हाडाची तक्रार असते. काही महिने खेळ कमी केला की शमते. त्याला मोठ्यांचे व्यायाम देऊ नका.

दुसरी पायरी: मागचे सहा आठवडे आठवा

शंभर पानी वही घ्या. दुखणं सुरू व्हायच्या आधी काय बदललं ते लिहा. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचं उत्तर एकच असतं: भरतीची जाहिरात निघाली. जो पोरगा आठवड्यात तीन दिवस तीन किलोमीटर धावत होता, तो जाहिरातीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज आठ धावू लागतो, वर शंभर मीटरचे स्प्रिंट. कुणी नवे स्पाइक घेतलेले असतात. कुणी मैदान सोडून धुळ्याजवळच्या लळिंगचा चढ सुरू केलेला असतो, आणि चढावर पोटरी व अकिलीसवर ताण वाढतो. पावसाळ्यात काळ्या मातीचा लेप बुटांना चिकटून पाऊल जड होतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळून घोटा मुरगळायला टपलेली. मग पोरं डांबरी रस्त्यावर येतात आणि रोज रस्त्याच्या त्याच कडेनं, तिरप्या उतारावर धावतात. डांबर वाईट, माती चांगली असं सरसकट मी म्हणत नाही. पाऊल बहुतेक जमिनींची सवय करून घेतं, त्याला वेळ मात्र द्यावा लागतो.

त्याच वहीत रोज एक आकडा लिहायचा: सकाळच्या पहिल्या पावलाला किती दुखलं, शून्य ते दहा. हा आकडा मी फार मानते. धावताना अंग तापलेलं असतं, तेव्हा दुखणं लपतं. सकाळचं पहिलं पाऊल कालच्या कामाचा खरा हिशोब देतं.

नियम असा: व्यायामात किंवा धावताना दुखणं तीनपर्यंत गेलं तरी चालेल, पण दुसऱ्या सकाळचा आकडा आदल्या सकाळपेक्षा वाढता कामा नये. वाढला तर काल जास्त झालं, आज कमी करा. हा नियम पडद्याला आणि शिरेला लागू आहे. हाडाच्या दुखण्याला नाही, तिथे शून्यच हवा.

तिसरी पायरी: पहिले दोन आठवडे

धावणं निम्म्यावर आणा आणि स्प्रिंट, चढ, दोरीउड्या बंद ठेवा. निम्म्यावरही सकाळचा आकडा उतरत नसेल तर धावणं पूर्ण थांबवून सायकल चालवा. दम टिकतो आणि टाचेला मार बसत नाही.

घरात अनवाणी फिरू नका. खाटेशेजारी जाड टाचेची चप्पल ठेवा आणि पहिलं पाऊल तिच्यातच टाका. त्याआधी पाय गुडघ्यावर आडवा घ्या, हातानं पाचही बोटं नडगीकडे ओढा, तळव्यात तंग दोरीसारखा पडदा हाताला लागेल. दहापर्यंत मोजा, सोडा, दहा वेळा करा. दिवसातून तीनदा, त्यातलं एक पहिल्या पावलाच्या आधी.

संध्याकाळी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये गोठवून तळव्याखाली पाच-दहा मिनिटं फिरवा. फ्रीज नसेल तर लाटणं चालेल, हलक्या हातानं. यानं आराम पडतो, दुखण्याचं मूळ जात नाही.

गोळ्यांबद्दल स्पष्ट बोलते. धावायला जाण्याआधी डायक्लोफेनॅक घेऊन जाणारी पोरं मी पाहते. एक तर गोळी दुखणं झाकते आणि पाऊल नको तेवढं वापरलं जातं. दुसरं, एप्रिल-मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४ च्या वर जातो. घामानं शरीर कोरडं पडलेलं असताना ही गोळी मूत्रपिंडाला इजा करू शकते. मेडिकलवरून परस्पर आणू नका. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या जातीची अँटिबायोटिक्स चालू असतील आणि टाचेमागे दुखायला लागलं तर ताबडतोब डॉक्टरांना सांगा. या औषधांनी शीर दुखावते, क्वचित तुटतेही.

चौथी पायरी: टाच उचलणं

सगळ्या लेखातलं एकच करणार असाल तर हे करा. डेन्मार्कमधल्या राथलेफ यांच्या गटानं २०१४ साली ही पद्धत मांडली. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा नुसत्या ताणण्यापेक्षा या व्यायामानं जास्त गुण आला होता.

घराच्या ओट्याची पायरी घ्या. टॉवेल घट्ट गुंडाळून पायरीच्या कडेवर ठेवा आणि पायाची बोटं त्यावर चढवा, म्हणजे बोटं वर वाकलेली राहतील. चवडा पायरीवर, टाच हवेत. तोल जाऊ नये म्हणून एक हात भिंतीला. आता एका पायावर तीन मोजत टाच वर, वर दोन मोजेपर्यंत थांबायचं, तीन मोजत खाली. झटका अजिबात नको. पोरं इथेच घाई करतात, दहा सेकंदांत दहा मारतात आणि म्हणतात झालं. एका वेळेला आठ सेकंद लागले पाहिजेत.

असे बारा, तीन वेळा. मध्ये दोन मिनिटं बसा. एक दिवस व्यायाम, एक दिवस सुट्टी. बारावा उचलताना पोटरी थरथरायला हवी. सहज होत असेल तर पाठीला दप्तर लावा आणि त्यात भरतीचे गाइड भरा. ती जाडजूड पुस्तकं या कामाला उत्तम. दोन आठवड्यांनी ओझं वाढवून दहा-दहाचे चार सेट, आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा ओझं वाढवून आठ-आठचे पाच. एका पायावर जमतच नसेल तर दोन्ही पायांवर सुरू करा आणि हळूहळू दुखऱ्या पायावर भार न्या.

पहिल्या तीन आठवड्यांत फरक जाणवेलच असं नाही. इथेच लोक सोडून देतात. बारा आठवडे धरून चालायचं.

अकिलीसची तक्रार असेल तर टॉवेल नको. स्वीडनच्या आल्फ्रेडसन यांनी १९९८ मध्ये मांडलेली पद्धत वापरा: दोन्ही पायांनी वर जायचं, दुखऱ्या एका पायावर हळू खाली यायचं, टाच पायरीच्या खाली जाऊ द्यायची. पंधराचे तीन सेट गुडघा सरळ ठेवून, तीन सेट गुडघा किंचित वाकवून, सकाळ-संध्याकाळ. पण बोट थेट टाचेच्या हाडावर जात असेल तर टाच पायरीखाली नेऊ नका, सपाट जमिनीवरच करा. खाली नेल्यानं शीर हाडावर दाबली जाते आणि दुखणं वाढतं.

पाचवी पायरी: बूट

महाग बूट घ्या असं मी सांगणार नाही. संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाऊल थोडं फुगलेलं असतं. उभं राहून लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. पुढून बोटं हलली पाहिजेत, मागून टाच निसटता कामा नये. बूट मधोमध कापडाच्या घडीसारखा दुमडत असेल तर टाचदुखीवाल्यांनी ठेवून द्यावा. साधारण ५०० ते ८०० किलोमीटर झाले की आतला फोम दबतो, वरून बूट नवा दिसला तरी. स्पाइक शेवटच्या काही आठवड्यांत, आठवड्यातून एक-दोनदा, तेही थोड्या वेळासाठी.

पावलाच्या वर दुखत असेल तर दुखऱ्या जागेवरची लेसची एक आडवी फेरी वगळून पाहा.

सहावी पायरी: पुन्हा धावणं

तीन गोष्टी जमल्या की सुरुवात करा: अर्धा तास झपाझप चालून दुखत नाही, एका पायावर वीस वेळा टाच उचलता येते, आणि त्याच पायावर दहा लंगड्या उड्या मारता येतात. हाड तडकलं असेल तर डॉक्टरांची परवानगी आधी, उड्या नंतर. पावलाच्या मधल्या हाडांना साधारण सहा ते आठ आठवडे लागतात. घोट्याच्या पुढचं नेव्हिक्युलर नावाचं हाड मात्र हट्टी असतं, त्याला जास्त वेळ द्यावा लागतो.

पहिला आठवडा एक मिनिट धाव, दोन मिनिटं चाल, आठ वेळा. दिवसाआड. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं धाव, एक चाल. तिसऱ्यात चार धाव, एक चाल, पाच वेळा. चौथ्यात वीस मिनिटं सलग, गप्पा मारता येतील इतक्या संथ. वेग सगळ्यात शेवटी. १६०० चं टायमिंग पाहायचा मोह पहिल्याच दिवशी होतो, म्हणून महिनाभर घड्याळ घरी ठेवायला सांगते.

पावलं मोजून पाहा. मिनिटाला १६० पडत असतील तर त्याच वेगात १६८ पाडायचा प्रयत्न करा. पाऊल थोडं आखूड पडतं, शरीराच्या जवळ पडतं आणि प्रत्येक पावलाचा मार हलका होतो.

सुई आणि ऑपरेशन

एक्स-रेत टाचेला काटा दिसला की लोक घाबरतात. तो काटा टाच कधीच न दुखलेल्या लोकांतही सापडतो. काट्यासाठी म्हणून ऑपरेशन करायला धावू नका. स्टिरॉइडच्या इंजेक्शननं काही आठवडे छान वाटतं. पण त्यानं पडदा फाटण्याची आणि टाचेची चरबीची गादी झिजण्याची जोखीम असते, आणि बरं वाटतंय म्हणून पोरगं दुसऱ्या दिवशी स्प्रिंट मारतं. तीन-चार महिने व्यायाम मनापासून करूनही गुण नाही, तेव्हा हा विषय डॉक्टरांशी बोला, आधी नाही. धीर धरा: टाचेचा पडदा दुखणारे बहुसंख्य लोक वर्षभरात ऑपरेशनशिवाय बरे होतात.

भरतीची तारीख हातात आली असेल तर

हा प्रश्न मला सगळ्यात जड जातो, कारण समोरचं पोरगं दोन वर्षं थांबलेलं असतं. पडदा किंवा अकिलीस असेल आणि सकाळचा आकडा चारच्या खाली असेल, तर शेवटचे दहा दिवस लांब धावणं बंद करा, सायकल आणि टाच उचलणं चालू ठेवा, दोनदा फक्त आठशे मीटर वेगात पळून पाहा आणि चाचणी द्या. नंतर चार-पाच दिवस टाच बोंबलेल, पण सावरेल.

बोट एका बिंदूवर थांबत असेल तर मी नाही म्हणते. अर्धी तडकलेली चीर चाचणीच्या त्या एका धावेत आरपार जाऊ शकते आणि मग पुढचीही भरती हातची जाते. पारोळ्याच्या त्या मुलीनं त्या वर्षीची चाचणी सोडली. मैदानाच्या कडेला बसून ती रडली तेव्हा मी तिच्या शेजारी बसून होते. आठ आठवड्यांनी तिनं मिनिटभर धावून दोन मिनिटं चालायला सुरुवात केली. आजही पहाटे मैदानावर येते आणि नवीन पोरी लंगडताना दिसल्या की माझ्या आधी तीच त्यांना ओट्यावर बसवते आणि बूट काढायला सांगते.